रक्त उशिरा बोलतं

सुरवसे डॉक्टरांनी माझ्या लॅबमध्ये कधी पूर्ण कप चहा प्यायलेला मला आठवत नाही. कप हातात घेऊन ते बोलत बोलत फिरायचे आणि जिथं बोलण्याला नवा फाटा फुटेल तिथं कप टेकवून मोकळे व्हायचे. फ्रीजवर, मशीनवर, पेशंटांच्या बाकाच्या टोकाला, एकदा तर दारात लावलेल्या माझ्या स्कूटीच्या सीटवर. संध्याकाळी शटर ओढण्याआधी मी त्यांचे अर्धे कप गोळा करत फिरायचे आणि मनातल्या मनात त्यांना चार शब्द ऐकवायचे. पुण्याला ऑपरेशनसाठी म्हणून गेले ते परत आले नाहीत. आता कप जागच्या जागी असतात आणि मला ते अजिबात आवडत नाही.

धाराशिवात त्यांचा दवाखाना आणि माझी लॅब शेजारी शेजारी होती, मध्ये फक्त एक भिंत. रिपोर्ट हवा असला की ते पलीकडून भिंतीवर थापा मारायचे. मी उत्तरादाखल एक थाप मारली की थांबा, दोन मारल्या की या, असं आमचं ठरलं होतं. पण एक थाप मारली तरी ते यायचेच. थांबणं हा प्रकार त्यांच्या कुंडलीतच नव्हता. बायकोनं हौसेनं आणलेली फिरती खुर्ची दवाखान्यात होती, तिच्यावर पेशंटांच्या पिशव्या बसायच्या. डॉक्टर चिठ्ठी लिहायचे ती खिडकीच्या कट्ट्यावर, उभ्यानं.

बाकीचे डॉक्टर माझ्याकडे रक्त पाठवायचे. हे रक्तही पाठवायचे, पण त्यांचा जीव अडकलेला असायचा लघवीच्या बाटलीत. शुगरवाला असो, बीपीवाला असो, नाहीतर सहज तोंड दाखवायला आलेला मेव्हणा असो, उद्या सकाळची पहिली बाटली आणायची हे ठरलेलं. गावात त्यांना पाठीमागं मूतडॉक्टर म्हणत. त्यांना ते माहीत होतं आणि वाईट वाटण्याऐवजी ते खूश व्हायचे. म्हणायचे, चला, कशासाठी तरी नाव झालं.

त्यांचं म्हणणं मला पाठ झालं होतं, कारण माझ्या बाकावरच्या प्रत्येक पेशंटला ते नव्यानं समजावून सांगायचे. मूत्रपिंड म्हणजे चाळणी. चाळणी खराब व्हायला लागली की आधी अल्ब्युमिन नावाचं प्रथिन लघवीत गळायला लागतं. त्या वेळी माणसाला काही होत नसतं. तो शेतात जातो, लग्नात नाचतो. रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडानं बाहेर टाकायचा कचरा, वाढलेलं दिसतं तोवर निम्मं मूत्रपिंड गेलेलं असतं. म्हणून लघवी तपासायची. आणि कुणी पाणी जास्त प्यालेलं असतं, कुणी कमी, म्हणून नुसतं अल्ब्युमिन बघून भागत नाही. लघवीतलं अल्ब्युमिन आणि लघवीतलंच क्रिएटिनिन यांचं प्रमाण काढायचं. एवढं सांगून झालं की शेवटी त्यांचं वाक्य यायचं, "रक्त लई उशिरा बोलतंय. लघवी आधी बोलती, पर तिचं ऐकायची लोकाला लाज वाटती."

या सगळ्याच्या मुळाशी त्यांचे वडील होते. तामलवाडीचं शेतकरी घर, वडलांना जुनं बीपी. डॉक्टर तेव्हा शिकत होते. वडलांचं रक्त तपासलं, कागदावर सगळं ठीक आलं आणि घरानं निःश्वास सोडला. लघवी कुणी तपासलीच नाही. पुढं पायावर सूज दिसायला लागली तेव्हा डायलिसिसवाचून इलाज उरला नव्हता, आणि सोलापूरच्या फेऱ्या करता करता म्हातारा एका उन्हाळ्यात गेला. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही माझ्याकडं पाठ करून, काचपट्ट्यांची डबी उघडझाप करत. घरातलं दुसरं माणूस त्या वाटेनं जाऊ द्यायचं नाही, एवढंच म्हणाले आणि निघून गेले. त्यांच्या सगळ्या धावपळीचा अर्थ मला त्या दिवशी लागला.

अर्थ लागला म्हणून त्रास कमी झाला असं नाही. एका लग्नात आम्ही पंगतीला शेजारी होतो. म्हणजे मी बसले होते, डॉक्टर ताट हातात घेऊन उभे होते. नवरदेवाचे वडील आग्रह करत आले, जिलबी घ्या म्हणाले. डॉक्टरांनी त्यांच्या डोळ्यांखालची सूज पाहिली आणि सगळ्या पंगतीदेखत विचारलं, लघवीला फेस येतो का? गृहस्थांच्या हातातली जिलबी हातातच राहिली. विहीणबाईंनी तोंडाला पदर लावला. मी मान खाली घालून वरणभात कालवत राहिले. पण ते गृहस्थ पुढच्याच आठवड्यात माझ्या लॅबच्या दारात उभे होते, बाटली नव्याकोऱ्या टॉवेलमध्ये गुंडाळून. त्यांना औषध सुरू झालं आणि पुढं दर दिवाळीला ते डॉक्टरांकडं फराळाचा डबा घेऊन यायचे.

आणखी एकदा कळंबच्या एका हेडमास्तरांनी लाजेपायी बाटली जेवणाच्या डब्याच्या पिशवीत दडवून आणली आणि ती पिशवी एसटीतच विसरली. माणूस हळहळला, उद्या आणतो म्हणाला. डॉक्टर कुठले ऐकायला. दवाखान्यात पेशंट तसेच सोडून स्टँडवर गेले. गाडी तुळजापूरला निघून गेलेली. हे गाडीमागं तुळजापूरला. तिथल्या स्टँडवर कंडक्टरनं आधीच पिशवी उघडून पाहिली होती, त्यामुळं तो बोलण्याच्या मनःस्थितीत नव्हता. शेवटी डॉक्टरांनी त्याचं बीपी मोजलं, ते चढलेलं निघालं आणि येताना हे एकाऐवजी दोन बाटल्या घेऊन आले. हेडमास्तरांची शिळी झाली होती, ती मला फेकून द्यावी लागली. कंडक्टरची तपासली.

मोबाईलवर ते सतत काहीतरी वाचत असायचे. मूत्रपिंडाला इजा झाल्यावर काही तासांतच लघवीत दिसणारी नवी नवी प्रथिनं सापडलीत, मोठ्या शहरांत त्यांच्या चाचण्या निघाल्यात, ताई, तुम्ही ते मशीन आणा. ताई म्हणजे मी. मी म्हणायचे, डॉक्टर, आधी दुपारची लाईट टिकू द्या, मग मशीनचं बघू. मग ते चिडून चहा ठेवून जायचे.

तामलवाडीच्या घरी त्यांची आई, धाकटा भाऊ महादेव आणि भावजय सुनंदा असत. आईला शुगर होती, आणि तीही बेताल, कारण म्हातारी गूळ सोडायला तयार नव्हती. डॉक्टरांना तिच्या मूत्रपिंडाचा घोर लागला होता. पण आई बाटली देईना. अखेर डॉक्टरांनी महादेवाला धारेवर धरलं. महादेव धाराशिवला शाळेत नोकरीला होता, रोज मोटरसायकलवर यायचा. बरेच दिवस कुरकुर झाली आणि मग एका सकाळी तो बाटली घेऊन हजर झाला. डॉक्टरांना मैदान मारल्यासारखं वाटलं.

अल्ब्युमिन वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी रिपोर्ट घेतला, उजेडात धरला, घडी घालून खिशात ठेवला, परत काढला. त्याच दिवशी त्यांनी आईला बीपीची गोळी सुरू केली, जिनं मूत्रपिंडालाही आधार मिळतो. महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा बाटली आली, प्रमाण आणखी वाढलेलं. गोळी वाढवली. पुन्हा बाटली, पुन्हा वाढ. इकडं आईला उठताना चक्कर यायला लागली. एकदा ती उंबऱ्यावर पडली आणि कपाळाला खोक पडली. डॉक्टरांपुढं पेच, गोळी वाढवावी तर आई पडतेय, कमी करावी तर मूत्रपिंड जातंय. त्या दिवसांत ते माझ्या लॅबमध्ये अशा येरझाऱ्या घालायचे की पेशंट त्यांनाच नातेवाईक समजून धीर द्यायचे.

एका सकाळी महादेव बाटली ठेवून गेला आणि नेमकं माझं रिएजंट, म्हणजे चाचणीचं रसायन, संपलेलं होतं. प्रमाण संध्याकाळशिवाय निघणार नाही म्हटलं. डॉक्टरांना संध्याकाळ सोसणार नव्हती. त्यांनी स्वतःच डबीतून रंगपट्टी काढली, बाटलीत बुडवली आणि खिडकीशी नेली. त्या पट्टीवर वेगवेगळ्या तपासण्यांचे चौकोन असतात. प्रथिनाचा चौकोन हिरवा झाला, तो होणारच होता. पण डॉक्टर पट्टी खाली ठेवेनात. बराच वेळ तिच्याकडं पाहून त्यांनी ती माझ्यासमोर धरली आणि साखरेच्या चौकोनावर बोट ठेवलं. त्या चौकोनाचा रंग बदललेलाच नव्हता.

"मायची साखर काल रात्रीसुद्दा तीनशेच्या वर होती. अन लघवीत साखरेचा मागमूस न्हाय?" ते म्हणाले. "ताई, ही मायची न्हाय."

एवढे दिवस ते फक्त अल्ब्युमिन बघत होते. एका आकड्याच्या पायी बाकीचे चौकोन त्यांना दिसलेच नव्हते. त्यांनी दवाखान्याला कुलूप लावलं आणि मला म्हणाले, चला. मी का? तर म्हणे घरातल्या बायका त्यांच्याशी असलं काही बोलायच्या नाहीत. घाटात त्यांनी गाडी अशी काढली की मी तुळजाभवानीला नवस बोलले, तो अजून फेडायचा आहे.

तामलवाडीला पोचलो तेव्हा आई सोप्यात बसून शेंगा फोडत होती. डॉक्टरांनी काही विचारायच्या आतच तिनं त्यांच्या पिशवीतली बाटली ओळखली आणि तोंड फिरवलं. मी शेजारी बसले, इकडचं तिकडचं बोलले. मग म्हातारीनं हळूच सांगून टाकलं, की ज्या लेकाला न्हाऊमाखू घातलं त्याच्या हातात आपलं मूत द्यायचं म्हणजे पाप, त्यापेक्षा मेलेलं बरं. म्हणजे तिनं एकदाही बाटली दिली नव्हती.

मी उठून स्वयंपाकघरात गेले. सुनंदा भाकरी थापत होती. तिशीतली, काटक, बोलताना डोळ्यात न बघणारी बाई. थोरल्या दिरासमोर ती कधी उभी राहत नसे. पाणी द्यायचं झालं तरी तांब्या उंबऱ्यावर ठेवून आत व्हायची. मी तिला विचारलं, बाटली कुणाची? तिचा हात परातीत थांबला.

"आत्याबाई देईनात," ती म्हणाली. "मोठे भाऊजी ह्यांच्यावर कावायचे, अन ह्ये माझ्यावर. मग म्या माझीच भरून दिली. मला कुठं काय झालंय म्हनलं, चांगली निघंल. समद्यांची फिकीर मिटंल."

दाराबाहेर इतका वेळ चपलांचा फटक फटक आवाज येत होता, तो थांबला. डॉक्टरांनी ऐकलं होतं. मला वाटलं आता ते रागवतील, पण आवाज पुन्हा सुरू झाला, आधीपेक्षा भरभर. मग दारामागूनच त्यांनी मला सांगितलं, ताई, तिला विचारा कंबर-डोकं दुखतं का. सुनंदा दारापासून चार हातांवर होती. मी विचारलं. ती मला म्हणाली, दुखतं, रोजच दुखतं, किराणा दुकानात गोळी मिळते ती खाते. दारामागून प्रश्न आला, किती वर्षं? मी विचारलं. ती म्हणाली, लग्न झाल्यापासून. असं थोडा वेळ चाललं. मला दोन्हीकडून निरोप वाहून कंटाळा आला होता आणि खरं सांगायचं तर रागही आला होता.

पुढचा प्रश्न दारामागून आलाच नाही. डॉक्टर आत आले. सुनंदा गडबडीनं पदर ओढत उठायला लागली, तर तेच खाली उकिडवे बसले, चुलीजवळ.

"सुनंदाबाई, बाळंतपनात बीपी वाढलं होतं का तुमचं?"

तिनं हाताचं पीठ झटकलं. मग मान हलवून व्हय म्हणाली.

"मी समद्या जिल्ह्याला इचारत फिरलो," डॉक्टर म्हणाले, "अन माझ्या घरच्या चुलीम्होरं एकदा न्हाय इचारलं." एवढं बोलून ते पुन्हा उठले आणि तिचं बीपी मोजायला लागले. ते फार चढलेलं होतं. कंबरदुखीच्या गोळ्या आणि बाळंतपणापासून कुणी न मोजलेलं बीपी, दोघांनी मिळून तिची चाळणी खराब करत आणली होती. आणि ती रोज उठून सगळ्या घराच्या भाकरी थापत होती. मला त्या वेळी रडू आलं, ते मी चुलीच्या धुरावर ढकललं.

येताना आम्ही तिचं रक्त घेऊन आलो. क्रिएटिनिन ठीक निघालं. आकडा सांगितल्यावर डॉक्टरांनी भिंतीवर अशी थाप मारली की पलीकडं दवाखान्यातलं कॅलेंडर पडलं. म्हणाले, रक्त अजून गप्प आहे, म्हणजे आपण वेळेत आलो. त्या दिवसापासून सुनंदाची बाटली सुनंदाच्या नावानं यायला लागली, आणि आईची थेट माझ्या हातात. लॅबवालीचा धंदाच आहे म्हटल्यावर म्हातारीला त्यात पाप दिसलं नाही. आईचं प्रमाण तिच्या वयाच्या आणि गुळाच्या मानानं बरंच बरं होतं. तिची गोळी कमी झाली, चक्करही थांबली.

सुनंदाचं अल्ब्युमिन हळूहळू उतरत गेलं. प्रत्येक उताराला डॉक्टर पेढे आणायचे आणि एक खाऊन बाकीचे माझ्याकडं विसरून जायचे. पण ज्वारीच्या काढणीनंतरची बाटली आली ती चढलेली. बीपी तर ताब्यात होतं. डॉक्टरांना शंका आली, हिनं काढणीच्या दिवसांत पुन्हा दुकानातली गोळी खाल्ली. दिवसभर वाकून ताटं उपटायची म्हणजे कंबरेचे हाल. त्यांनी महादेवाला विचारायला लावलं. महादेव म्हणाला, न्हाय म्हणती. डॉक्टरांनी स्वतः फोन केला तर तिनं सासूकडं दिला. चुलीपाशी एकदा बोलणं झालं म्हणून रीत मोडली असं थोडंच असतं. ते मला म्हणायचे, खाल्ली असली तर खाल्ली म्हणावं, मी काय फाशी देणार आहे? पण कारण कळल्याशिवाय मी औषध कशाचं बदलू?

याच काळात त्यांना जिना चढताना दम लागायला लागला. हृदयाची झडप खराब झाली होती. पुण्याला मुलीकडं राहून ऑपरेशन करायचं ठरलं, आणि हे आज-उद्या करत राहिले. सुनंदाची पुढची बाटली बघून जातो, ती बघितली की आणखी एक. शेवटी त्यांच्या बायकोनं, म्हणजे वहिनींनी, स्वतःच तारीख घेतली. मुलगी गाडी पाठवते म्हणाली तर यांनी नाही म्हटलं. कारमध्ये बसून राहावं लागतं, एसटीत दांडा धरून उभं तरी राहता येतं.

त्यानंतरच्या काही महिन्यांत सुनंदाचं प्रमाण पुन्हा उतरलं आणि अजून उतरलेलंच आहे. त्यांना ते कळवायचं राहिलं. म्हणून त्यांची आठवण आली की मला दवाखाना आठवत नाही, ऑपरेशनमध्ये ते गेल्याची बातमी आठवत नाही, स्टँडवरची ती सकाळ आठवते.

पुण्याची गाडी लागली होती. तामलवाडीहून आई, महादेव आणि सुनंदा निरोप द्यायला आले होते, मीही गेले होते. वहिनी पिशव्या लावून आत बसल्या होत्या. डॉक्टर दोनदा चढून दोनदा उतरले, एकदा आईच्या पाया पडायचं राहिलं म्हणून आणि एकदा मला रिएजंट वेळेवर मागवत चला हे सांगायला. अखेर कंडक्टर वैतागला आणि ते पायरीवर उभे राहिले. घंटी वाजली. सुनंदा इतका वेळ सासूच्या मागं होती, ती एकदम पुढं आली. गाडी हलायच्या बेतात होती.

"भाऊजी," ती मोठ्यानं म्हणाली, "म्या काढणीत गोळ्या खाल्ल्या. समद्यांना न्हाय म्हनून सांगितलं, पर खाल्ल्या."

सासू बघत राहिली. महादेव बघत राहिला. खिडकीतली माणसं बघत राहिली. डॉक्टर पायरीवरून खाली उतरले. कंडक्टर ओरडला, वहिनी ओरडल्या आणि मग दोन्ही हातांत पिशव्या घेऊन त्याही पुटपुटत उतरल्या. गाडी त्यांना सोडून गेली. पुण्याला ते दुसऱ्या दिवशी गेले.

लॅब उघडायची म्हणून मी किल्ली घेऊन पुढं निघाले, आणि स्टँडच्या फाटकातून मागं वळून पाहिलं. डॉक्टरांना दम लागला होता, तरी ते सुनंदाच्या पुढं पुढं, उलटे चालत होते, चालता चालता तिच्याकडं बघता यावं म्हणून. कुठली गोळी, किती खाल्ल्या, कधी थांबवल्या, आता कुठं दुखतंय, असं विचारत होते. आणि ती, दिरासमोर कधी उभी न राहिलेली बाई, भर स्टँडवर त्यांच्या डोळ्यात बघून एकेकाचं उत्तर देत होती.